कळपाचं चौथं चित्र

“आणि चौथं? ते कुणाकडे आहे, आजी?”

डॉक्टर यशोधन रेग्यांनी विचारलं, तेव्हा म्हातारी शाईचा रूळ चिंधीनं पुसत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

म्हातारी म्हणजे लोरेन त्सोसी. अ‍ॅरिझोनाच्या उत्तरेला, नावाहो लोकांच्या मुलखात, लाल मातीच्या उघड्या माळावर तिचं घर. लाकडात चित्र कोरायचं, शाई लावून कागदावर उतरवायचं, हे तिचं आयुष्यभराचं काम. एकच देखावा ती कधी तीन, कधी चार कागदांवर पसरायची. कागद शेजारी शेजारी लावले की डोंगराची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड जायची. लहानथोर सगळे तिला आजीच म्हणत.

रेगे मूळचे पार्ल्याचे, फिनिक्समध्ये हृदयाचे डॉक्टर. आजीची चित्रं जमवण्याचा त्यांना नाद होता. सगळे संच पूर्ण झाले होते, ‘कळप’ तेवढा अडला होता. चारांतली तीन चित्रं मिळाली, चौथ्याचा पत्ता नाही. दुसरी प्रत निघायची आशाही नव्हती. एकच प्रत काढून आजीनं ते लाकडी ठसे थंडीत शेगडीत घातले होते.

“तुमच्या चित्रांचा माझ्याएवढा संग्रह जगात कुणाकडे नाही,” रेगे म्हणाले. “पण ही एक जागा रिकामी आहे. चैन पडत नाही मला.”

“तुझ्याकडची मेंढरं कशी आहेत?” आजीनं विचारलं.

“उत्तम. एक डाग पडू दिलेला नाही.”

“हं...”

तिनं रूळ खाली ठेवला, शाल उचलली.

“गाडी काढ.”

टेकाडापलीकडे हर्मन याझीचं घर होतं. आजीच्याच वयाचा, धिप्पाड, कमी बोलणारा माणूस. त्यानं दोघांना स्वयंपाकघरात बसवलं आणि कॉफी ठेवली.

चित्र समोरच होतं. ना काच, ना चौकट. चार टाचण्यांवर भिंतीला लावलेलं, कडा धुरानं पिवळ्या पडलेल्या.

रेगे उठून जवळ गेले.

शेवटच्या चित्रात काहीतरी भव्य असेल, अशी त्यांची कल्पना होती. इथे नुसता एक उतार होता. आणि एक मेंढी, थांबलेली, मान वळवून मागे पाहणारी. बस्स.

त्यांना तिथून हलवेना.

“मी घरात एकटा उरलो, त्या हिवाळ्यात आजीनं आणून दिलं,” हर्मन मागून म्हणाला.

“मला द्याल?” रेग्यांनी विचारलं. “तुम्ही म्हणाल ते...”

हर्मननं थोडा विचार केला. मग स्वतःच टाचण्या काढल्या आणि चित्र त्यांच्या हातात दिलं.

“ने. तिचा कळप तुझ्याकडे आहे.”

भिंतीवर पांढराशुभ्र चौकोन उरला. हर्मननं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि कॉफी ओतायला वळला.



“तुझ्याकडे कुठल्या भिंतीवर असेल ही?” हर्मननं पेला पुढे करत विचारलं. “सकाळचं ऊन येतं का तिथे?”

“भिंतीवर नाही. चित्रांसाठी मुद्दाम कपाट करून घेतलंय. मऊ कागदात गुंडाळून, खणात. उजेडानं शाई उडते ना.”

“मग बघतोस कधी?”

रेग्यांनी आठवून पाहिलं.

एकेक चित्र हाती आलं त्या दिवशी... भिंगाखाली धरून तपासलं होतं. मग खण लावला होता.

“इथे मी हिच्यासमोरच जेवतो,” हर्मन म्हणाला. गाऱ्हाणं म्हणून नाही, सहज.

पेल्यातली कॉफी निवत चालली...

रेगे उठले. त्यांनी चित्र त्या पांढऱ्या चौकोनावर धरलं आणि टाचण्यांसाठी हात मागे केला. हर्मननं एकेक टाचणी त्यांच्या हातावर ठेवली.

“जरा वर,” तो म्हणाला. “डावा कोपरा उतरलाय.”

रेग्यांनी कोपरा सारखा केला.

“हं. आता बरी दिसते.”

हातचं गेलं म्हणून वाईट वाटायला हवं होतं. रेग्यांना मात्र सडकून भूक लागली. हर्मननं तव्यावरची गरम भाकरी पुढे केली, ती त्यांनी मिठाबरोबरच खाल्ली. मेंढीकडे बघत. मग आणखी एक मागून घेतली.

परतताना ऊन कलायला आलं होतं. रेगे गाडी हळू चालवत होते. लवकर पोचायची त्यांना काही घाई नव्हती.

“आजी,” ते म्हणाले, “चौथं सापडलं तरी.”

“सापडलं,” आजी खिडकीबाहेर पाहत म्हणाली. “आता हरवलेली तीन शोध.”