वितळलेला पट्टा

खाडीच्या काठाला एक वाडी होती आणि त्या वाडीत तातू मेस्त्री नावाचा एक कारागीर राहत होता. मेस्त्री म्हटलं की लोकांना सुतार आठवतो, पण तातूने रंधा कधी हातात धरला नाही. तो टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा. घरोघरी कॅसेटी वाजत होत्या तेव्हा त्याच्या ओटीवर बसायला जागा नसे. पुढे मोबाईल आले, टेप माळ्यावर गेले आणि गिऱ्हाइकंही गेली. बायको आधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. दिवस दिवस त्याच्याशी कोणी बोलत नसे. कधी कधी आपला आवाज शाबूत आहे का हे बघायला तो उगाच खोकायचा.

खरं म्हणजे त्याने इतकं एकटं राहायचं काही कारण नव्हतं. घर दोन भावांचं होतं. मधे एक भिंत, अलीकडे तातू, पलीकडे धाकटा भाऊ बाबल. बाबलही एकटाच. त्याचीही बायको गेलेली, मुलगा पुण्याला नोकरीत. सकाळी दोघे एकाच सुमाराला चहा ठेवत. इकडे कपबशी वाजली की तिकडे ऐकू येई, तिकडचा खोकला इकडे ऐकू येई. पण बोलणं नव्हतं.

बोलणं बंद पडलं ते तातूच्या एका वाक्यामुळे. आई अत्यवस्थ होती तेव्हाची गोष्ट. डॉक्टर खाडीपलीकडे राहायचा. तातू आईच्या उशाशी बसला आणि बाबल डॉक्टरला आणायला गेला. गेला तो दुपारभर आलाच नाही. आला तेव्हा तिन्हीसांज झाली होती, सोबत डॉक्टर नव्हता आणि आई गेलेली होती. बाबलच्या अंगावर मात्र धुतलेले, कोरडे कपडे होते. ते बघून तातूच्या डोक्यात सणक गेली. जमलेल्या माणसांदेखत तो म्हणाला की तू वाटेत गप्पा मारत बसलास, म्हणून आई गेली.  बाबल खाली मान घालून आईच्या पायाशी जाऊन बसला.

राग ओसरला तसा तातूला पश्चात्ताप व्हायला लागला. आपण जरा जास्तच बोललो असं त्याला वाटे. पण मोठा भाऊ पडला! धाकट्यापुढे जाऊन तो विषय काढायचा कसा? त्याने दुसरी वाट धरली. दरवर्षी चतुर्थीला घरचा गणपती तातूच्या बाजूला बसे. दोन्ही भावांचा गणपती एकच, त्यामुळे भांडण असो नसो, बाबल आरतीला येऊन कडेला उभा राही. तातू त्या दिवशी शेजारच्या आवडाकाकीकडून मोदक करून घेई आणि तिच्याच हाती बाबलकडे पाठवी. एका वर्षी त्याने सदरा पाठवला. एका वर्षी बाबलचा बंद पडलेला रेडिओ न सांगता दुरुस्त करून दिला.

त्याचा उपयोग होई, नाही असं नाही. बाबल रिकामं ताट परत द्यायला येई, चहा घेई, पावसापाण्याचं बोलणं होई. तातूला वाटे, झालं, जमलं. मग कधीतरी बाबलच्या माडाचा नारळ तातूच्या अंगणात पडे, तो उचलला कोणी यावरून एक शब्द वाकडा जाई आणि पुन्हा भिंतीच्या दोन्ही बाजूंना नुसत्या कपबश्या वाजू लागत. पुढच्या चतुर्थीला तातू पुन्हा मोदक पाठवी. बाबलच वाकड्या स्वभावाचा आहे, आपण तरी किती करायचं, असं तो मनाला समजावी.

यंदाच्या चतुर्थीला मात्र वेगळीच बातमी आली. बाबल घर बंद करून कायमचा मुलाकडे निघाला होता. गणपतीचं विसर्जन झालं की दुसऱ्या सकाळची गाडी. घराची किल्ली तो आवडाकाकीकडे ठेवणार होता. भिंतीला लागून सख्खा भाऊ राहतो आणि किल्ली शेजारणीकडे, हे ऐकून तातूला त्या रात्री जेवण गेलं नाही.

विसर्जनाच्या दिवशी सकाळीच आवडाकाकी आली. या वेळी तिच्या पदराखाली ताट नव्हतं, टेप होता. वाडीतल्या बायकांनी एका गौरीला फुगड्या घालताना म्हटलेल्या गाण्यांची कॅसेट तिच्याजवळ होती. त्या बायकांतल्या काही वारल्या होत्या, काही मुलांकडे मुंबईला गेल्या होत्या, आणि आवडाकाकीचे गुडघे तिला फुगडी घालू देत नव्हते. निदान सणाला गाणी तरी ऐकावीत म्हणून तिने बाजारातल्या कोणाकडून टेप दुरुस्त करून आणला होता. आठवडाभर चांगला वाजला. मग सगळ्या बायका एकदम पुरुषांच्या आवाजात गाऊ लागल्या, आणि शेवटी तर जांभया देऊ लागल्या.

तातूने टेप उघडला आणि कपाळाला हात लावला. टेपच्या पोटात रबराचा एक बारीक पट्टा असतो. मोटरचं फिरणं तो चाकांपर्यंत पोचवतो. टेप वर्षानुवर्षं बंद पडून राहिला की तो पट्टा वितळतो आणि डांबरासारखा काळा चिकट लगदा होऊन चाकांना बसतो. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने तो लगदा काढलाच नव्हता. त्याच्यावरच नवा पट्टा चढवून दिला होता. नवा पट्टा जुन्या घाणीला चिकटला, ताणला गेला आणि आता तोही जागोजाग लगद्यात मिसळायला लागला होता.

तातू कामाला बसला. त्याने कापूस स्पिरिटमध्ये भिजवला, बांबूची एक काडी तासली आणि चाकाच्या खाचेतला लगदा थोडा थोडा खरवडायला घेतला. हे काम कोणालाच आवडत नाही. एक बोट काळं झालं की दहा होतात, मग नाक खाजतं आणि नाकही काळं होतं. कपड्याला लागलं तर कपडा गेलाच. आवडाकाकी ओटीच्या कडेला बसून बघत होती. बराच वेळ गेला तरी तातूच्या डब्यातून नवा पट्टा काही बाहेर निघेना. शेवटी तिने विचारलं, की इतकं घासत बसण्यापेक्षा सरळ नवा पट्टा का घालत नाहीस.

तातूने मान वर केली नाही. तो म्हणाला, "काकी, खालचा काळा तसाच ऱ्हवला तर नवो पट्टो तेकाच चिकाटतलो. मगे तोव वितळतलो."

आवडाकाकीने भिंतीकडे बघितलं. मग म्हणाली, "मगे बाबलाक दरवर्षी मोदक कित्याक धाडतंस?"

तातूची काडी थांबली. त्याला राग आला. तुझ्या टेपचं बोल, माझ्या घरचं बोलू नकोस, असं तो तिला म्हणाला. म्हातारीने वाईट वाटून घेतलं नाही.  तातूने चाक आरशासारखं लख्ख केलं, मोटरची पुली पुसली, नवा पट्टा चढवला. कॅसेट लावली तेव्हा बायका आपल्या स्वतःच्या आवाजात गायला लागल्या आणि कोणीतरी मधेच खदखदून हसली. ती मीच, असं आवडाकाकी म्हणाली. टेप उराशी धरून ती घरी गेली.

तातू हाताला खोबरेल चोळत बसला. काळं सुटता सुटत नव्हतं. भिंतीपलीकडे बाबल सामान बांधत होता. ट्रंक ओढल्याचा आवाज आला, मग सुतळी करकरली. उद्यापासून हा आवाजही नसेल हे त्याच्या लक्षात आलं. तो चटकन उठला, डब्यातले उरलेले मोदक ताटात काढले, वर रुमाल झाकला आणि पायरी उतरला.

अंगणाच्या मधोमध त्याने हातातल्या ताटाकडे बघितलं. हा पुन्हा नवा पट्टाच होता. बाबल मोदक घेईल, दोन शब्द बोलेल, उद्या गाडीत बसेल आणि खालचं काळं तसंच त्याच्याबरोबर पुण्याला जाईल. तातू तसाच मागे फिरला. ताट चुलीजवळ ठेवलं आणि रिकाम्या हाताने भावाच्या दारात जाऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत रिकाम्या हाताने तो तिथे पहिल्यांदाच गेला होता.

बाबलने वर बघितलं. तातू म्हणाला, "आपली आवस गेली त्या दिवशी मी तुका काय झाला ता विचारूक नाय. तसोच बोललंय."

बाबलच्या हातातली सुतळी खाली पडली. आणि मग तो जे बोलायला लागला ते थांबेचना. त्या दिवशी ओहोटी होती, होडी चिखलात रुतलेली होती, होडीवाला नाही म्हणाला. बाबल तसाच चिखलात उतरला आणि कमरेपर्यंत फसला. पाणी चढायला लागलं तेव्हा मासेमारांनी त्याला दोर टाकून ओढून काढलं. त्यांनीच विहिरीवर आंघोळ घातली, त्यांनीच अंगावर घालायला कपडे दिले. हे सांगताना म्हाताऱ्या बाबलचा आवाज लहान मुलासारखा झाला.

"चिखलान भरलेलो आवशीसमोर कसो येव?" तो म्हणाला. "आणि तू लोकांदेखत बोललंस. तू कधीतरी विचारतलंस म्हणान इतकी वर्सां वाट बघलंय."

त्यानंतर तो तातूला वाटेल ते बोलला. नारळाचं बोलला, सदऱ्याचं बोलला, मोदक घशाखाली उतरत नसत तेही बोलला. त्याचा आवाज इतका चढला की वाडीला वाटलं, जाता जाता पुन्हा जुंपली. आवडाकाकीने नीट ऐकू यावं म्हणून आपला टेप बंद केला. तातूने एकदाही उलट उत्तर दिलं नाही. एरवी तो ऐकून घेणारा माणूस नव्हता. पण लगदा सुटताना हात काळे होणारच, हे त्याला सकाळीच पुन्हा एकदा कळलं होतं. शेवटी बाबलचं बोलणं संपलं. मग दोघे भाऊ ट्रंकेवर शेजारी शेजारी बसले आणि आईसाठी रडले. आई गेली तेव्हा ते रडणं राहूनच गेलं होतं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण बाबलची जागा मुलाच्या घरी ठरली होती, नातू वाट बघत होता, आणि वय झालेल्या माणसाला एकटं राहवत नव्हतं. विसर्जन झालं आणि दुसऱ्या सकाळी तो निघालाच. आवडाकाकी किल्ली घ्यायला पदर खोचून आली, तर बाबलने ती तिच्यासमोरच तातूच्या हातात दिली.

"तिन्हीसांजेक दिवो लाव," तो एवढंच म्हणाला.

गाडी गेली. तातू घरी येऊन बसला. पलीकडे कप वाजला नाही, खोकला आला नाही. त्याला वाटलं होतं, मन मोकळं झालं की एकटेपणा कमी होईल. झालं उलटंच. इतकी वर्षं भिंतीपलीकडे नुसता एक अबोला राहत होता, त्याची आठवण कोणाला येते? आता तिथून भाऊ गेला होता, आणि भावाची आठवण येत होती. त्याला वाटलं, आई गेली तेव्हाच मी हे विचारलं असतं तर किती चहा आम्ही एकत्र घेतले असते.

तिन्हीसांज झाली. तातूने आपल्या घरात दिवा लावला. मग किल्ली घेऊन तो पलीकडे गेला, बाबलच्या रिकाम्या घरात दिवा लावला आणि थोडा वेळ तिथेच जमिनीवर बसला. आवडाकाकीच्या घरून फुगडीची गाणी ऐकू येत होती. तेवढ्यात त्याच्या खिशातला मोबाईल वाजला. पुण्याहून बाबल विचारत होता, दिवा लावलास का?

तात्पर्य: मनात बसलेला जुना लगदा खरवडल्याशिवाय त्यावर नव्या मायेचा पट्टा चढवू नये, तो टिकत नाही, आणि ते खरवडण्याचं काम माणूस भिंतीपलीकडे आहे तोवरच करावं.