राजा जात्यापाशी बसला

एकदा काय झालं, एका राजाच्या घरी लग्न निघालं. कुशा, पाय पांघरुणात घे आधी, अनू, तूही सरक इकडे, मग सांगते. हां. तर राजाला एकच मुलगी, तिचं नाव रेवा. ती पाळण्यात होती तेव्हाच राणी आजारी पडली. जाताना राणीनं राजाला आपलं जातं दाखवलं. म्हणाली, "हिच्या लग्नाची हळद याच जात्यावर दळा. आणि हिच्यासाठी जे रात्र रात्र जागतील, त्यांनीच दळताना गावं." राणी गेली. राजानं जात्याचं लक्षात ठेवलं आणि गाण्याचं विसरला. पुरुषांचं असंच, बरं का. अर्धं ऐकतात.

आता तुम्ही जातं कुठे पाहिलंय म्हणा. दोन गोल दगड, एकावर एक. वरच्याला लाकडी खुंटा. खुंटा धरून फिरवायचं आणि फिरवता फिरवता गायचं. लग्नाची हळद असली की खुंट्याला आंब्याची पानं बांधायची, नवरीचं नाव गुंफून ओव्या म्हणायच्या. माझ्या माहेरी चार आळ्यांना ऐकू जायच्या. आता भोंगे लावतात. शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही, मग माया कुठून ऐकू यायची?

तर रेवाचं सासर होतं गाण्याचं. तिथली घोडीसुद्धा तालात चालतात म्हणे. राजाला धास्ती पडली, आपल्याकडचं गाणं ऐकून व्याही हसतील. मग त्यानं रेवाची दाई भागाई आणि स्वयंपाकघरातली गोदी, दोघींना बोलावलं. म्हणाला, "उद्या तुम्ही मागच्या सोप्यात बसा. गायला मोठी माणसं येणार आहेत." भागाईनं रेवाला अंगाखांद्यावर वाढवलेलं. तिनं पदर सारखा केला आणि मागे जाऊन बसली. मला अजून राग येतो त्या राजाचा.

मग हळदीचा दिवस उजाडला, लग्नही त्याच दिवशी संध्याकाळी. गुरुजी म्हणाले, "सूर्य डोक्यावर यायच्या आत नवरीला हळद लागली पाहिजे. उद्यापासून सिंहस्थ. आज चुकलं तर वर्षभर लग्न नाही."

मग उत्तरेचा गवई गायला. चार बायकांनी खुंटा धरून ओढला, पण जातं हललं नाही. मग दक्षिणेची गाणारी गायली, गळ्यात मोत्यांचे सात सर. जातं ढिम्म. मग बारा सनईवाले एकदम वाजवायला लागले. खुंट्याची पानं तेवढी थरथरली. मग एक पैलवान बोलावला, त्याचा खांदा दुखावला, ते वेगळंच.

ऊन अंगणाच्या मध्यापर्यंत आलं. रेवा पाटावर बसली होती, हात कोरडेच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "आबासाहेब, भागाईला बोलवा. तिच्या ओवीशिवाय मी या पाटावरून उठून सासरी कशी जाऊ?"

राजानं नाइलाजानं भागाईला बोलावलं. तिच्या तोंडात दात दोनच. शब्द निम्मे वाऱ्यावर जायचे. तिनं खुंट्याला हात लावला आणि ओवी म्हटली,

"नेसव गं माझे बाई, रेवाला हिरवा शालू,
सोडताना बोट तिचं, मी कशी गं घरी चालू."

आणि जातं घरघरलं! अर्धा फेरा फिरलं. तेव्हा राजाला राणीचं उरलेलं अर्धं बोलणं आठवलं. चेहरा उतरला बिचाऱ्याचा. मग त्यानं स्वतः जाऊन गोदीला आणलं. रेवाला ताप आला की रात्रभर पेज भरवत बसायची ती. ती गायली, आणि जातं उरलेला अर्धा फेरा फिरलं. चिमूटभर हळद पडली. पुन्हा थांबलं.

"अजून कोण जागलंय हिच्यासाठी?" गुरुजींनी विचारलं. कुणाला आठवेना.

रेवा हळूच म्हणाली, "आबासाहेब, मला गोवर आला होता तेव्हा तुम्ही जागलात."

राजा लाजून लाल झाला. कारण काय झालं होतं, त्याला अंगाई येत नव्हती एकही. आई नसलेलं पोर रडतंय, काय गावं? मग त्यानं आपल्या हत्तींची नावं गायली होती. आवाज म्हणाल तर फुटक्या घागरीसारखा.

"ते काय गाणं आहे?" राजा पुटपुटला. "आणि पुरुषानं जात्यापाशी बसायचं? व्याह्यांसमोर?"

"मला तेच हवंय," रेवा म्हणाली.

राजानं ऊन पाहिलं, लेकीचे कोरडे हात पाहिले. मग मुकुट काढून ठेवला, मांडी घातली आणि खुंटा धरला.

"मोती निजला, भीमा निजला, लंगडी चंपा निजली,
रेवाबाईची एकच पापणी, अजून नाही मिटली."

आणि काय सांगू, जातं असं फिरलं, असं फिरलं! राजाचा हात मागे आणि खुंटा पुढे. पिवळीधमक हळद परातीत मावेना. भागाई गायला लागली, गोदी गायला लागली, सूर कुणाचा कुणाला लागेना. व्याही हसले नाहीत. विहीणबाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "ते शब्द तेवढे लिहून द्या. पुढे नातवंडांना लागतील." सूर्य डोक्यावर आला तेव्हा रेवाच्या गालाला हळद लागलेली होती. पहिलं बोट भागाईचं.

एक घोटाळा झाला मात्र. आपापली नावं ऐकून हत्ती खरंच झोपले. मग नवरानवरी वरातीत चालत गेली. पण सुखात गेली, आणि सुखातच राहिली.

माझ्या हळदीला माझे वडील असेच बसले होते. त्यांना गाता येत नव्हतं. दोनच ओळी म्हणाले आणि उपरण्यानं तोंड पुसलं. त्यांना जाऊन किती वर्षं झाली. पण त्या दोन ओळी मला अजून ऐकू येतात, फुटक्या आवाजासकट. तुमच्या हळदीला मी असेन नसेन, म्हणून आत्ताच गाऊन ठेवते.

मोती निजला, भीमा निजला, लंगडी चंपा निजली. कुशा तर कधीच निजला. आमच्या अनूची एकच पापणी... हं. मिटली.