हँडिवर्कमधला आय

तळकोंडच्या शाळेत इंग्रजीचे शिक्षक अधूनमधून अनवाणी शिकवताना दिसतात. पाहुण्यांनी कारण विचारलं, की गावचे जुने पोस्टमन धाकूतात्या शाळेच्या पायरीवर बसून सांगू लागतात.

संस्थानी काळातली गोष्ट. भानजी मास्तर तेव्हा इथे एकटेच शिक्षक होते. शाळा तपासायला दिपोटी साहेब आले आणि त्यांनी फळ्यावर ‘हँडिवर्क’ लिहून अर्थ विचारला. बुरुडाची ठकू उठली.

“हँड म्हणजे हात, वर्क म्हणजे काम. पण साहेब, मधला आय कुणाचा?”

साहेबांचा चेहरा उतरला. “उद्धट मुलगी! हिचं नाव काढा.”

ठकूला शाळेत घालावं म्हणून भानजी मास्तरांनी वर्षभर तिच्या बापाच्या मिनतवाऱ्या केल्या होत्या. ते पुढे झाले. “साहेब, उत्तर मलाही येत नाही. चूक माझी. पुढच्या तपासणीपर्यंत तिचं नाव राहू द्या. उत्तर मिळेपर्यंत मी वहाणा घालणार नाही.”

साहेबांनी मान हलवली खरी, पण रागातच.

मास्तर सुट्टी लागली की घाट चढत. तीन हायस्कुलांत त्यांना एकच उत्तर मिळालं, “असंच असतं, पाठ करा.” टाचांना भेगा पडल्या. म्हणे, ठकूचा बाप त्यांच्या पायांना एरंडेल चोळून देई. शेवटी एका म्हाताऱ्या पाद्र्याने जाडजूड कोश उघडला. हजार वर्षांपूर्वी त्या आयच्या जागी ‘ये’ असा छोटा शब्दांश होता, ‘मिळून’ अशा अर्थाचा. लोकांच्या बोलण्यात तो झिजत गेला आणि एवढाच उरला.

पुढच्या तपासणीला ठकूनेच हे सांगितलं, न अडखळता. साहेब म्हणाले, “मलाही ठाऊक नव्हतं, मुली.” मास्तरांना वहाणा घालताना रडू आवरेना, असं सांगतात.

ठकू पुढे याच शाळेत शिकवू लागली. पहिल्याच आठवड्यात मुलांनी तिला एका शब्दावर अडवलं. तिने चपला काढून दाराबाहेर ठेवल्या. “शोधून आणते,” म्हणाली.

आजही शिक्षक उत्तर सापडेपर्यंत वर्गात अनवाणीच येतात. यंदाच्या नव्या सरांना मुलांनी ‘स्पीडोमीटर’मधला ओ विचारलाय. सर कालच तालुक्याच्या वाचनालयात जाऊन आले.