गोजराचं धोतर आणि राजाचं पोट

“एकच कपडा शिव! तो मला बसला पाहिजे, या काडीपैलवान प्रधानाला बसला पाहिजे आणि पाळण्यातल्या युवराजालाही! उद्या दरबारात आण. नाही जमलं, तर तुझ्या बापाचं शिलाई मशीन जप्त!”

भुजंगराजे गरजले आणि सदोबा शिंप्याने पटकन हात जोडले.

खोडी त्याच्या पोरीची, गोजराची. बापाबरोबर ती राजाच्या नव्या अंगरख्याचं माप घ्यायला आली होती. जुना अंगरखा राजाच्या पोटाला आता पुरेना. मुकाट टेप धरावी ना! पण दरबारात वाद रंगला होता आणि गोजराचे कान टवकारलेले.

कमरेच्या एका बाजूला तलवार अन् दुसरीला मोबाइल लटकवणाऱ्या या राजाला वाटलं होतं, दरबाराची खबर घरोघरी मोबाइलवर दिसावी. प्रधान त्र्यंबकपंत म्हणाले, “अॅप करू, महाराज! प्रत्येक जातीच्या मोबाइलला वेगळं, अगदी मापात बेतलेलं. माझा मेहुणा करतोच अॅपं!”

मेहुणा करतोच! गोजराला फस्सकन हसू फुटलं.

“महाराज, माझ्या आत्याच्या मोबाइलात नातवाचे फोटो मावेनात, त्यात तुमचा दरबार कुठं कोंबता? एक वेबसाइट करा की! आमच्या दुकानाची मीच केलीय. मोठ्या पडद्यावर ऐसपैस पसरेल, छोट्यावर अंग चोरून बसेल. उघडली, बघितली, मिटली!”

“एकच वस्तू सगळ्या मापांना? दाखव करून!” राजा हट्टाला पेटला आणि ती अट घालून बसला.

घरी सदोबा कपाळ धरून म्हणाला, “तुझ्या तोंडालाच टाका घालायला हवा होता!”

“आबा, कात्री ठेवा बघू. उद्याच्या कपड्याला कात्री लावायचीच नाही.”

दुसऱ्या दिवशी गोजराने दरबारात एक लांबलचक पांढरं धोतर उलगडलं. राजाच्या विजारीवरूनच ते सदोबाने नेसवलं. घेर पुरला! मग प्रधानाला नेसवलं. वेढा वाढवला, निऱ्या जास्त घातल्या, झालं! तेवढ्यात युवराजाने भोकाड पसरलं. गोजराने तेच धोतर दोन खांबांना बांधून झोळी केली. बाळ गप्पगार!

“लबाडी! हुकूम शिवायचा होता. हे नुसतं धोतर आहे!” पंत ओरडले.

“पंत, टोकं बघा की. दुमडून टीप घातलीय आबांनी. याहून जास्त शिवलं असतं, तर तुम्हाला बसलं असतं अन् महाराजांना फाटलं असतं!”

राजाच्या मिशा हलल्या, पण हट्ट हलेना. “मग शिंपी तरी कशाला हवा? मशीन जप्तच करतो!”

गोजरा बापापुढे येऊन उभी राहिली.

“हवा की, महाराज! तुमचे रानरखवालदार करवंदीच्या जाळ्यांतून धावतात. तिथं धोतर अडकतं, अंगाबरोबरची विजारच लागते. रानात नेटही नसतं. त्यांना नेटवाचून वाटा दाखवणारं अॅप बेतून द्या. पण दरबार कधी आणि जत्रा कधी, एवढंच बघणाऱ्यांची मापं घेत कशाला हिंडता?”

पंत झोळीशेजारी पाय आपटत म्हणाले, “माझा मेहुणा एकदा अॅप शिवेल, ते कायमचं! पुन्हा हात लावायला नको!”

नेमकी तेव्हाच युवराजांनी झोळीतून धार सोडली, ती थेट पंतांच्या पागोट्यावर!

राजा खो खो हसला. पोट गदागदा हललं आणि जुन्या अंगरख्याचा बंद तटकन तुटला.

“बघा पंत, कायमचं!” गोजरा म्हणाली. “महाराजांचा अंगरखा अपडेट मागतोय!”

राजा असा हसला, की दुसराही बंद गेला. डोळे पुसत तो म्हणाला, “वेबसाइट गोजरा करणार! रखवालदारांचं अॅप मेहुण्याला द्या, पण माप घ्यायला त्याने स्वतः करवंदीत शिरायचं! सदोबाला नवं विजेवरचं मशीन, आणि मला अंगरखा, जरा सैल!”

“आणि मी, महाराज?” पागोटं पिळत पंतांनी विचारलं.

“तुम्ही झोळी हलवा!”