इनासच्या अंगठ्याची जागा

“…मग तासू की नको, मास्तर?”

पास्कोल मास्तरांनी मान वर केली नाही. ओट्यावर बसून ते कुदळीच्या नव्या दांड्यावर पॉलिश पेपर फिरवत होते. मागे केळीची बाग होती. वारा पडला होता.

मरिना रुमाव बँडमध्ये गिटार वाजवायची. वसईपासून गोव्यापर्यंत लोक तिला नावानं ओळखत. ती कुणाला सल्ला विचारणाऱ्यांतली नव्हती. लोक तिला विचारायचे. पण वडील गेले, चर्चमध्ये त्यांची महिन्याची मिस्सा झाली, त्यांची लाल इलेक्ट्रिक गिटार तिच्या वाट्याला आली, आणि तेव्हापासून तिचं काही ठरेना.

वडील, इनास रुमाव, जन्मभर ऑर्केस्ट्रात हीच गिटार वाजवत आले होते. त्यांना शिकवलं पास्कोल मास्तरांनी.

गिटारची मान, म्हणजे तारांखालची लांब दांडी, जाड होती आणि मरिनाचा हात लहान. दोन गाणी वाजवली की मनगटातून कळ निघायची. गिटार दुरुस्त करणारा म्हणाला होता, मान मागून थोडी तासून देतो, मग बघा कशी हातात बसते.

पण मानेच्या मागे एक जागा होती. अंगठा टेकून टेकून तिथला रंग उडाला होता, लाकडाला किंचित खळगा पडला होता. तासायचं म्हणजे आधी ती जागा जाणार.

“भाऊ कुवेतहून फोन करतो,” मरिना म्हणाली. “म्हणतो, पप्पांच्या वस्तूला हात लावलास तर माझ्याशी बोलू नकोस. बँडमधले म्हणतात, वाजवायची नसेल तर भिंतीला टांगून ठेव.”

“दुखतं कुठे?”

तिनं मनगट दाखवलं.

मास्तरांनी ते नीट पाहिलं. मग हात पुढे केला.

“बघू, दे.”

मरिनानं कव्हरमधून गिटार काढून दिली. तिला वाटलं, मास्तर आता वाजवतील.

त्यांनी ती मांडीवर पालथी घेतली आणि डोळे मिटले. त्यांचा अंगठा मानेवरून सरकत गेला, खळग्यात जाऊन थांबला. बराच वेळ तिथेच राहिला…

मरिनाला भरून आलं.

“हीच का ती जागा?”

“हो, मास्तर.”

मास्तरांनी बाजूला ठेवलेला पॉलिश पेपर उचलला आणि त्या जागेवर घासायला सुरुवात केली.

खर्र… खर्र…

मरिना जागच्या जागी उभी राहिली.  लाकडाचा बारीक भुगा मास्तरांच्या पांढऱ्या लुंगीवर पडत होता. याच माणसाच्या घरावरून जाताना पप्पा आदरानं सायकलवरून खाली उतरायचे. म्हातारपणानं यांना भ्रम तर झाला नाही?

मग तिनं झेप घेऊन त्यांचं मनगट पकडलं. घट्ट.

“मास्तर, ती पप्पांची जागा आहे.”

“इनासची?”

मास्तरांनी तिच्याकडे पहिल्यांदाच सरळ पाहिलं.

“इनासची नाही, पोरी. माझी.”

…

“ही गिटार इनासला मी दिली. दिली तेव्हा हा खळगा होताच. माझ्या अंगठ्यानं पडलेला.”

 मास्तरांचं मनगट मरिनाच्या हातातच राहिलं. पप्पा गेल्यापासून रोज ती त्या खळग्यात अंगठा ठेवून बसायची. दिवसभरात काय झालं ते हळूच सांगायची. मग इतके दिवस ती कुणाचा हात धरून बोलत होती?

“पप्पांना हे माहीत होतं?”

“माहीत होतं म्हणून तर विचारायला आला. इथेच बसला होता. म्हणाला, मास्तर, मान जाड पडते, मनगट धरतं. तासू का? त्याचा हातही लहानच.”

“पप्पांचा?”

“तुझ्याएवढाच.”

तिनं कधी निरखून पाहिलाच नव्हता. बापाचा हात कुठल्या मुलीला लहान वाटतो?

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“तुला सांगितलं तेच.”

“मला तर तुम्ही काहीच सांगितलं नाहीत.”

“तोही असंच म्हणाला.”

मरिनानं मोकळ्या हातानं खळग्यातला भुगा पुसला. 

“पप्पांनी काय केलं मग?”

“इनासनं? जन्मभर बाम चोळला.”



बामाचा तो वास पप्पांच्या शर्टाला यायचा, उशीला यायचा. लहानपणी ती त्यांच्या कुशीत शिरायची ती त्या वासातच. तिला वाटायचं, पप्पांचा वास असाच असतो. दुखतंय, असं ते एकदाही म्हणाले नव्हते. आणि तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

तिनं मनगट सोडलं. मास्तरांच्या सुरकुतलेल्या कातडीवर तिची बोटं उमटली होती. ती पाहून तिची नजर खाली गेली.

मास्तरांनी पॉलिश पेपर तिच्यासमोर धरला.

ती कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली… मग त्यांच्या शेजारी ओट्यावर बसली, गिटार मांडीवर पालथी घेतली आणि घासू लागली.

आधी भीत भीत. मग जरा दाबून. खळग्याची कड गेली, मग खळगा गेला, आतलं फिकट कोवळं लाकूड दिसू लागलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही ती थांबली नाही. हात थांबेना. उलट त्याचा जोर वाढतच चालला, जणू पप्पांचं सगळं दुखणं आजच खरवडून काढायचं होतं.

मास्तरांनी तिच्या हातावर हात ठेवला.

“हळू,” ते म्हणाले. “पुढच्या हातासाठी थोडं लाकूड राहू दे.”