पितळ पलीकडे पोचेपर्यंत

एकदा एक तरुण घराच्या पडवीत सायकल जोडायला बसला. विकत का घेतली नाही, असं विचारू नका. हट्टी माणूस प्रश्नाने शहाणा झालेला मी तरी पाहिलेला नाही. त्याची बायको आरोग्यसेविका. रोज घाट उतरून तिला वाड्यांवर जावं लागे, आणि तिच्या बेताची सायकल बाजारात नव्हती.

पोलादी नळ्या त्याने बाह्यांत बसवल्या. बाही म्हणजे नळ्या जिथे भेटतात तिथलं लोखंडी कोंदण. नळी आणि बाही यांमधल्या फटीत पितळ वितळवून भरलं, की सांधा पक्का. गुरू शेजारचाच, अशा झाळकामात हयात घालवलेला एक म्हातारा.

शिष्याने हँडलखालचा सांधा झाळला, कानशीने घासला. बाहीच्या दोन्ही कडांना सोन्याच्या बांगड्या घातल्यासारखं दिसू लागलं. गुरूने चष्मा पुसला, सांधा न्याहाळला, "फार देखणा," म्हणाला, आणि करवत घेऊन सांधाच उभा चिरू लागला.

"अहो आजोबा," बायको धावत आली, "परवा याच्यावरून घाट उतरायचाय मला."

"म्हणून तर कापतोय, सूनबाई. नाहीतर हे कष्ट घाटानेच वाचवले असते."

सांधा उघडला. कडांना पितळ, आत कोरडं, काळं लोखंड. शिष्याचा चेहरा त्याहून काळा.

"पितळ कुठून दिलंस?"

"दोन्ही कडांनी. लवकर भरावं म्हणून."

"तिथेच फसलास. पितळ उष्णतेमागे धावतं. ते एका कडेने द्यावं, ज्योत पलीकडे न्यावी आणि थांबावं. आतून वाट काढत ते दुसऱ्या कडेला आपणहून डोकावलं, तरच मधलं भरलं. तिकडेही तूच लावून ठेवलंस, तर ते पोचलं की नाही हे तुला सांगणार कोण?"

शिष्याने नवी नळी कापून नव्या बाहीत बसवली, पितळ नीट वाहावं म्हणून टाकणखार फासला, गॅस पेटवला. एका कडेने पितळ दिलं, ज्योत सरकवली. दुसरी कड रिकामीच होती. हात शिवशिवू लागला, तशी त्याने पितळेची कांडी सरळ गुरूच्या हाती दिली आणि ज्योत धरून बसून राहिला. मग पलीकडे एक बारीक रेघ चमकली आणि हळूहळू कडेभर फिरली.

गुरूने करवतीला हात लावला नाही.

शिष्याने बायकोकडे पाहिलं. "बसशील याच्यावर?" एवढंच विचारलं, आणि गप्प राहिला. तिने सांधा बोटाने चाचपला, घाटाकडे पाहिलं, भरपूर वेळ घेतला. तो तेवढा वेळ थांबला.

'चालेल ना? चालेल!' असं प्रश्न आणि उत्तर दोन्ही स्वतःच एका दमात उरकणाऱ्या मंडळींनी आपापले सांधे तपासावेत.