एकटीच हजर

धुमाळ वकील लॉ कॉलेजात पुरावा कायदा शिकवत. म्हणजे दर मंगळवारी अकराला शिपाई वर्गात हजेरीपट फिरवून आणायचा आणि साहेब सवडीने खाली सही ठोकत.

परीक्षा तोंडावर आली आणि त्यांनी केतकी खरमाटेचा फॉर्म प्राचार्यांसमोर अडवला.

"माझ्या आठ तासांना ही गैरहजर. हजेरीपट बघा. लेखी पुराव्यापुढे तोंडी सबब चालत नाही, हे मीच शिकवलंय."

"म्हणून लेखीच आणलंय, सर," केतकी म्हणाली. तिला कधी एकदा बोलते असं झालं होतं. तिने जिल्हा कोर्टाच्या रोजनाम्याच्या आठ सहीशिक्क्याच्या नकला टेबलावर मांडल्या. त्याच आठ मंगळवारी, अकरा वाजता, धुमाळ वकील कोर्टात उलटतपासणी घेत होते.

शेजारी तिने आपली वही ठेवली. "मी कोर्टात मागच्या बाकावर बसून तुमचा प्रत्येक प्रश्न उतरवलाय. आता हजेरीपट खरा म्हणालात, तर कोर्टाचा रोजनामा खोटा ठरतो. रोजनामा खरा म्हणालात, तर तुमच्या तासाला अख्ख्या वर्गातून मी एकटीच हजर होते."

प्राचार्यांनी केतकीचा फॉर्म धुमाळांपुढे सरकवला. साहेबांनी पेन उघडलं.